पाळीआधीचं स्तनांचं दुखणं : कुठल्या गोळीत किती दम?

मराठीत या दुखण्याला धड नाव नाही. बायका म्हणतात, "छातीत दुखतंय", आणि ऐकणारा आधी हृदयाचा विचार करतो. चाळिशीतल्या बाईने दवाखान्यात एवढंच सांगितलं तर पहिला इसीजी निघतो. नीट विचारलं की मग कळतं : पाळीच्या आठ-दहा दिवस आधी दोन्ही बाजू भरून येतात, जड होतात, ठणकतात, काखेपर्यंत ओढ लागते, जिना उतरताना हाताने धरावं लागतं आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं ओसरतं. डॉक्टरी भाषेत याला सायक्लिकल मॅस्टाल्जिया म्हणतात, म्हणजे पाळीच्या चक्राबरोबर येणारं-जाणारं स्तनांचं दुखणं. स्तन दुखतात म्हणून येणाऱ्या बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींचं दुखणं याच प्रकारचं असतं.

या दुखण्यावर औषधं भरपूर आहेत. अडचण अशी की प्रत्येक औषधाने गुण आलेल्या बायका भेटतात. ई जीवनसत्त्वाने बरं वाटलेल्या भेटतात, प्रिमरोजच्या कॅप्सूलने भेटतात, नुसत्या दिलाशानेही भेटतात. म्हणून औषधांची तुलना करायची तर "किती जणींना बरं वाटलं" एवढ्यावर भागत नाही. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीने किती जणींना बरं वाटलं असतं, ते आधी विचारावं लागतं.

त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवू : 38.

1997 साली ग्रीसमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जबर दुखणं असलेल्या 93 बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला टॅमॉक्सिफेन 10 मिलिग्रॅम, दुसऱ्याला डॅनाझॉल 200 मिलिग्रॅम (दोन्ही हार्मोनशी संबंधित औषधं, त्यांच्याबद्दल पुढे येईलच) आणि तिसऱ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना बाईला माहीत, ना डॉक्टरला. दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं तर यश मानायचं, असं ठरलं होतं. टॅमॉक्सिफेनच्या गटात 72 टक्के जणींना यश आलं, डॅनाझॉलच्या गटात 65 टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात 38 टक्के.

म्हणजे औषध नसतानाही शंभरातल्या अडतीस जणी "बरं वाटतंय" म्हणणारच. त्या खोटं बोलत नसतात. हे दुखणं महिन्यागणिक कमी-जास्त होतं. बाई डॉक्टरकडे जाते ती सगळ्यात वाईट महिन्यात, त्यामुळे पुढचा महिना तसाही थोडा बरा जाण्याची शक्यता जास्त. शिवाय "कॅन्सर नाही ना?" ही धास्ती उतरली की निम्मं ओझं तिथंच हलकं होतं. औषधाचं श्रेय अडतीसच्या वरचं. टॅमॉक्सिफेनचं 34, म्हणजे ढोबळ हिशेबाने तिघींत एक. डॅनाझॉलचं 27, म्हणजे जवळपास चौघींत एक. पुढे प्रत्येक औषध याच काट्यावर ठेवायचं आहे. दुसऱ्या पारड्यात त्या औषधाचा त्रास.

गोळीच्या आधी वही

कुठलंही औषध सुरू करण्यापूर्वी दोन पाळ्यांची नोंद हवी. वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी यासाठी एक तक्ता रूढ केला. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक चौकोन. जास्त दुखलं तर चौकोन पूर्ण काळा, थोडं दुखलं तर तिरकी रेघ मारून अर्धा काळा, दुखलंच नाही तर नुसता ठिपका आणि पाळीच्या दिवसांवर खूण. घरी कालनिर्णयच्या चौकोनांवर पेन्सिलने हे सहज जमतं. जोडीला 0 ते 10 मधला आकडा लिहिला तर आणखी चांगलं. 0 म्हणजे काही नाही, 10 म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. आकडा रोज रात्री एकाच वेळी लिहायचा. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेला तक्ता निरुपयोगी, कारण आठवणीत राहतात ते फक्त वाईट दिवस.

दोन महिन्यांनी तक्ता लांबून बघितला की चित्र स्पष्ट दिसतं. काळे चौकोन पाळीच्या आधी गोळा झाले असतील तर दुखणं चक्राचं. महिनाभर विखुरलेले असतील तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि मग या लेखातली निम्मी औषधं गैरलागू ठरतात. बऱ्याच अभ्यासांत औषधासाठी पात्र ठरायला दुखणं 10 पैकी 4 च्या वर आणि महिन्यात किमान 7 दिवस लागे. घरगुती निर्णयालाही हे माप बरं आहे. पाळीआधी तीन दिवस 3 आकड्याचं दुखणं हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे, त्याला हार्मोनची गोळी लावणं म्हणजे उंदीर मारायला तोफ.

एक छोटी तपासणी दवाखान्यात करून घ्यावी, फार जण ती विसरतात. बाईला कुशीवर झोपवायचं. स्तन आपल्या वजनाने खाली सरकतो आणि त्यामागच्या बरगड्या मोकळ्या होतात. मग बरगडी आणि छातीच्या मधल्या हाडाचा सांधा बोटाने दाबायचा. "हेच, इथंच दुखतं" असं ती म्हणाली तर दुखणं स्तनाचं नाहीच, बरगडीच्या कूर्चेला सूज आहे. त्यावर टॅमॉक्सिफेन वर्षभर खाल्लं तरी उपयोग शून्य.

गाठ हाताला लागणं, बोंडातून रक्ताळ पाणी येणं, कातडी ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं सततचं दुखणं : यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून आधी तपासणी. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, तिशीच्या आत सोनोग्राफी, मधल्या वयात डॉक्टर ठरवतील तसं. रक्तातल्या हार्मोनच्या महागड्या तपासण्यांचा मात्र इथे फारसा उपयोग नसतो. या बायकांचं इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन बहुधा नॉर्मलच येतं. स्तनांतल्या पेशी त्याच हार्मोनला जास्त जोराने प्रतिसाद देतात, आणि ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. पाळी चुकली असेल तर मात्र गरोदरपणाची चाचणी आधी. त्या सुरुवातीच्या आठवड्यांतही स्तन असेच दुखतात.

दुखणं औषधामुळेच तर नाही?

नवं औषध जोडण्यापूर्वी जुनी औषधं टेबलावर मांडायची. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी गेल्यावरची हार्मोन्स, नैराश्यावरची काही औषधं, मनोविकारावरची बरीच औषधं आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी स्तन दुखू शकतात. पण आपल्याकडे सगळ्यात जास्त निसटणारा गुन्हेगार म्हणजे ॲसिडिटीची कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला त्यात पुष्कळदा डोम्पेरिडोन असतं, नाहीतर लेव्होसल्पिराइड. ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की स्तन जड होतात, दुखतात, कधी बोंडातून दुधासारखं पाणीही येतं आणि पाळी पुढे जाते. बाई म्हणते, "मी कुठलंच औषध घेत नाही", कारण रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल तिच्या लेखी औषधच नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ॲसिडिटीसाठी नुसतं पॅन्टोप्राझोल पुरत असेल तर डॉक्टरांना विचारून बदला आणि पुढच्या दोन पाळ्या तक्ता भरा. पुष्कळदा प्रश्न इथंच मिटतो.

गोळीविना काय उतरतं

ब्रेसियरचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2000 साली सौदी अरेबियातला 200 बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला 12 आठवडे स्पोर्ट्स ब्रा, दुसऱ्याला डॅनाझॉल. ब्रा गटात 85 टक्के जणींना आराम पडला, डॅनाझॉल गटात 58 टक्के जणींना, आणि डॅनाझॉलचा त्रास 42 टक्के जणींना झाला. आपला काटा इथेही लावायला हवा. कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकीला दिसतच होतं, खोटी ब्रा नावाची गोष्ट नसते. त्यामुळे 85 हा आकडा फुगलेला असणार. पण या उपायाचा त्रास शून्य, म्हणून पहिला मान त्याचा. घट्ट म्हणजे आवळणारी नव्हे. पट्टा छातीभोवती आडवा सपाट बसायला हवा, मागून वर चढत असेल तर घेर मोठा आहे. वजन पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्यांवरच्या बंदांनी नव्हे. बंदांचे वळ उठत असतील तर माप चुकलंय. दुखण्याच्या दिवसांत रात्रीही मऊ, तारेविना असलेली घालून झोपलं तर कुशीवर वळताना जाग येत नाही.

दुसरा उपाय डायक्लोफेनॅकची जेल. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 108 बायकांच्या अभ्यासात जेल आणि खोटी जेल असे गट होते. चक्राचं दुखणं आणि बिनचक्राचं दुखणं, दोन्हींत खऱ्या जेलने स्पष्ट जास्त आराम दिला. त्यातली मात्रा दिवसातून तीनदा 50 मिलिग्रॅम. आता घरचा हिशेब करा. 1 टक्क्याच्या जेलमध्ये एका ग्रॅमला 10 मिलिग्रॅम औषध, म्हणजे एका वेळेला 5 ग्रॅम जेल, दिवसाला 15. तीस ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपणार. आपल्याकडे बायका वाटाण्याएवढी जेल एकदा लावतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. एवढीशी लावून फरक पडणार कसा? पाळीआधीच्या दुखऱ्या दिवसांतच लावायची, महिनाभर लावायची गरज नाही.

इथे आपल्या बाजारातली एक खास अडचण आहे. कंबरदुखीसाठी मिळणाऱ्या पुष्कळ जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट, कधी कॅप्सेसिनही असतं. पाठीला ती झणझण बरी वाटते, स्तनांच्या नाजूक कातडीवर आग होते. फक्त डायक्लोफेनॅक असलेली ट्यूब मागून घ्यायची. बोंड आणि भोवतालचा गडद भाग सोडून लावायची, हात धुवायचे. बाळ अंगावर पीत असेल, गरोदरपण असेल, किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उठत असेल तर ही जेल नको.

जवसाबद्दल विचारणा फार होते. कॅनडात केलेल्या एका अभ्यासात बायकांना रोज 25 ग्रॅम दळलेले जवस घातलेला मफिन खायला दिला आणि दुखणं उतरलं. कॅनडाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 च्या मार्गदर्शिकेत जवसाला पहिल्या फळीत जागा दिली. आपल्याकडे जवसाची चटणी ताटात डाव्या बाजूला चिमूटभर येते. 25 ग्रॅम म्हणजे जवळपास अडीच मोठे चमचे जवस, तेही दळलेले, कारण अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो. हलकं भाजून, कुटून, भाकरीबरोबर दोन वेळा वाटून घेतलं तर जमतं. चटणीत तेवढं मीठ मात्र घालू नका. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर पोट गच्च होतं.

चहा-कॉफी सोडणं, मीठ तोडणं, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, बी-6 जीवनसत्त्व : यांतलं काहीच नीट अभ्यासात टिकलेलं नाही. चहा सोडून डोकं दुखण्यापेक्षा प्यावा.

प्रिमरोजची कॅप्सूल

आता सगळ्यात जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधाकडे. इव्हिनिंग प्रिमरोज तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल असतं. या बायकांच्या शरीरात हे आम्ल कमी असतं, म्हणून पेशी हार्मोनला जास्त चिडतात, असा तर्क होता आणि तो ऐकायला गोडही होता. 1985 मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी आपल्या क्लिनिकचा अनुभव मांडला : चक्राच्या दुखण्यात डॅनाझॉलने 70 टक्के जणींना गुण, ब्रोमोक्रिप्टीनने (प्रोलॅक्टिन खाली आणणारं औषध) 47, प्रिमरोजने 45. त्या 45 च्या जोरावर हे तेल जगभर गेलं. शेजारी आपला 38 ठेवा. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे असे एकमेकांसमोर ठेवणं काटेकोर नाही, हे कबूल. पण शंका यायला एवढं पुरे होतं.

ती शंका खरी ठरली. त्याच कार्डिफच्या मॅन्सेल यांनी 555 बायकांवर मोठा अभ्यास केला आणि तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. गॅमा लिनोलेनिक आम्ल घेणाऱ्या आणि खोटी कॅप्सूल घेणाऱ्या, दोघींचं दुखणं सारखंच उतरलं. आपणच रूढ केलेल्या औषधाला आपल्याच अभ्यासाने खाली उतरवायला मोठं मन लागतं. ब्रिटनमध्ये या औषधाचा परवाना 2002 मध्येच काढून घेतला गेला होता. आपल्या औषधाच्या दुकानांत ते आजही मांडीला मांडी लावून बसलेलं आहे, सहसा ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूलच्या शेजारी. ई जीवनसत्त्वाचे अभ्यास छोटे आणि एकमेकांशी भांडणारे आहेत. दोन्हींचा त्रास थोडा : मळमळ, पोट ढिलं होणं. कुणाला घ्यायचंच असेल तर 3 ग्रॅम प्रिमरोज तेल रोज, ही अभ्यासांतली मात्रा. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 6 कॅप्सूल, एक नव्हे. तीन महिन्यांत तक्ता हलला नाही तर बंद. सहा-सहा महिने पैसे घालत बसण्यात अर्थ नाही.

युरोपात ॲग्नस कॅस्टस नावाच्या वनस्पतीचा अर्क वापरतात. तो प्रोलॅक्टिन थोडं खाली आणतो आणि काही अभ्यासांत खोट्या औषधापेक्षा सरस ठरला आहे. ही आपल्या निर्गुंडीची चुलत बहीण. कूळ एक, पण जात वेगळी. तिचे निकाल निर्गुंडीच्या पाल्याला चिकटवून काढा पिऊ नये.

टॅमॉक्सिफेन : नावाला घाबरून सोडलेलं औषध

2007 मध्ये दिल्लीच्या एम्समधले अनुराग श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी, मॅन्सेल यांनाही बरोबर घेऊन, तोवरचे सगळे चिठ्ठी टाकून केलेले अभ्यास एकत्र तोलले. ब्रोमोक्रिप्टीन, डॅनाझॉल आणि टॅमॉक्सिफेन ही तिन्ही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, प्रिमरोज ठरलं नाही. टॅमॉक्सिफेनने आराम पडण्याची शक्यता खोट्या गोळीच्या 1.92 पट, म्हणजे जवळपास दुप्पट. त्रास सगळ्यांत कमी. पहिली पसंती टॅमॉक्सिफेनला द्यावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तरी हे औषध हातात पडलं की घरात रडारड होते. मोबाइलवर नाव टाकलं की "स्तनाच्या कर्करोगावर" असं येतं, आणि बाईला वाटतं डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलं. औषध लिहून देतानाच दोन वाक्यं सांगायला हवीत. हे औषध स्तनातल्या इस्ट्रोजेनच्या कुलपात चावीसारखं जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला आत शिरू देत नाही. कर्करोगातही हेच काम करतं, पण तिथे मात्रा रोज 20 मिलिग्रॅम आणि मुदत पाच-दहा वर्षं. इथे 10 मिलिग्रॅम, तीन महिने. ब्रिटनमधल्या फेन्टिमन यांच्या अभ्यासांत 10 आणि 20 यांचा गुण सारखा आला, त्रास मात्र 10 ला कमी. म्हणून 20 ची गोळी इथे कुणी दिली तर का, ते विचारावं. या दुखण्यासाठी असा शिक्का तिच्या पाकिटावर नसतो. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर लिहितात, आणि त्यात वावगं काही नाही.

सुरुवात पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी करायची, म्हणजे गरोदरपण नाही याची खात्री होते. रोज एक गोळी, ठरल्या वेळी. काही डॉक्टर पाळी सुरू झाल्यापासूनच्या 15 व्या ते 25 व्या दिवसापर्यंतच देतात. औषधाचा एकूण भार कमी होतो आणि पुष्कळ जणींना तेवढं पुरतं. पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. तक्त्यावरचे काळे चौकोन बहुधा दुसऱ्या पाळीपासून विरळ होतात.

अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं, पांढरं जाणं, पाळी मागे-पुढे होणं, मळमळ : हे नेहमीचे त्रास. पिंढरीला एका बाजूला सूज येऊन दुखणं किंवा अचानक दम लागणं हा वेगळा प्रकार. रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते, गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पूर्वी गुठळी झालेल्या बाईला हे औषध मुळातच नको. वॉरफेरिन घेणारीलाही नको. गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर नको, तेव्हा निरोध किंवा तांबी वापरायची. पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून ही सोय औषध थांबल्यावरही चालू ठेवायची. जुन्या माहितीपत्रकांत हा काळ 2 महिने आहे, युरोपातल्या नव्या पत्रकांत 9. येत्या वर्षभरात मूल हवं असणाऱ्या बाईने टॅमॉक्सिफेनच्या वाटेला न गेलेलं बरं.

छाया, ऊर्फ सहेली

याच घराण्यातलं आपलं स्वतःचं औषध म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी सेंटक्रोमन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ते तयार झालं, 1991 मध्ये 'सहेली' नावाने गर्भनिरोधक म्हणून बाजारात आलं आणि 2016 पासून 'छाया' नावाने सरकारी कुटुंबनियोजनात मोफत मिळतं. त्यात हार्मोन नाही. इस्ट्रोजेनच्या त्याच कुलपावर ते काम करतं. स्तनांच्या दुखण्यावरचे त्याचे अभ्यास जवळपास सगळे भारतातलेच. एम्समध्ये 30 मिलिग्रॅमची गोळी दिवसाआड तीन महिने देऊन पाहिली तेव्हा दुखणं चांगलं उतरलं. डॅनाझॉलबरोबरच्या सामन्यात ती मागे पडली नाही, टॅमॉक्सिफेनबरोबरच्या सामन्यातही टिकली. अभ्यास मोठे नाहीत आणि बाहेरच्या देशांत ते पुन्हा झालेले नाहीत, हे खरं. तरी ज्या बाईला गर्भनिरोधकही हवंय आणि दुखणंही घालवायचंय, तिला आमच्या मते हा पहिला पर्याय सुचवायला हवा. एका दगडात दोन पक्षी.

घोटाळा होतो तो मात्रेत. गर्भनिरोधक म्हणून छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. दुखण्यासाठी दिवसाआड. पाकिटावर छापलेले वार गर्भनिरोधकाचे, त्यामुळे दुखण्यासाठी घेणाऱ्या बाईने ते वार बघायचे नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "दिवसाआड, तीन महिने" असं मराठीत लिहून द्यावं. औषध अंगात रेंगाळतं, निम्मं बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो. म्हणून पाळी लांबणं हा तिचा ठरलेला त्रास. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर गरोदरपणाची चाचणी करायची. पीसीओडी, कावीळ किंवा यकृताचा आजार, क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही गोळी टाळायची. बीजाशयात पाण्याच्या गाठी दिसू शकतात, त्या बहुधा औषध थांबल्यावर जिरतात. ओटीपोटात दुखलं तर सोनोग्राफी.

मागच्या बाकावरची औषधं

डॅनाझॉलला अमेरिकेत फायब्रोसिस्टिक स्तनविकारासाठी रीतसर मान्यता मिळाली होती, आणि दुखणं ते खरंच उतरवतं. अडचण ही की ते पुरुषी हार्मोनचं भावंड आहे. वजन वाढतं, मुरुमं येतात, हनुवटीवर लव दाट होते, पाळी बिघडते. यातलं बरंचसं औषध थांबलं की मागे फिरतं. आवाज मात्र घोगरा झाला तर परत येईलच असं नाही. गायिका, शिक्षिका, कॉल सेंटरवर काम करणारी, यांना देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, आणि कुणाचाही आवाज बसल्यासारखा वाटला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता गोळी बंद. पोटात मुलगी असेल तर तिच्या जननेंद्रियांवर परिणाम होतो, म्हणून निरोध किंवा तांबी सक्तीची. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर स्नायूंना इजा होऊ शकते. द्यायचंच तर 200 मिलिग्रॅमने सुरू करून दोन-तीन महिन्यांनी 100 वर यायचं. दुसरी वाट म्हणजे फक्त चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात द्यायचं. 1999 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात नुसत्या उत्तरार्धात दिलेल्या डॅनाझॉलनेही स्तनांचं दुखणं उतरलं होतं, आणि त्रास खोट्या गोळीच्या आसपास राहिला.

ब्रोमोक्रिप्टीन प्रोलॅक्टिन खाली आणतं. ज्यांनी ते पहिल्याच दिवशी 2.5 मिलिग्रॅम घेतलं त्यांना उलट्या आणि उठल्यावर चक्कर. अर्धी गोळी, म्हणजे 1.25 मिलिग्रॅम, रात्री, जेवणानंतर, झोपताना घ्यायची आणि दर तीन-चार दिवसांनी अर्धी वाढवत पंधरा दिवसांत सकाळ-रात्र 2.5 पर्यंत जायचं. एवढी कसरत करूनही पुष्कळ जणी मध्येच सोडतात. कॅबरगोलिन हे त्याचं सुधारलेलं रूप. 0.5 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, चक्राच्या उत्तरार्धात. तुर्कस्तानातल्या एका तुलनेत गुण ब्रोमोक्रिप्टीनएवढाच आला, मळमळ-उलटी कमी. प्रोलॅक्टिन खरोखर वाढलेलं असेल तिथे ही दोन औषधं शोभतात. पण ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलने वाढलेलं नाही ना, हे आधी बघायचं.

गोसेरेलिनचं महिन्याचं इंजेक्शन बीजाशयाला झोपवतं आणि तात्पुरती रजोनिवृत्ती आणतं. दुखणं जातं, हाडंही विरळ होऊ लागतात. सगळं करून थकलेल्या मोजक्या बायकांसाठी, तेही थोडे महिने.

तीन महिन्यांनंतर

औषध कुठलंही असो, तीन महिन्यांनी तक्ता समोर ठेवून थांबायचं. त्याच ग्रीक अभ्यासात औषध थांबल्यावर वर्षाने पाहिलं तेव्हा टॅमॉक्सिफेन घेतलेल्या 53 टक्के जणींचा आणि डॅनाझॉल घेतलेल्या 37 टक्के जणींचा आराम टिकून होता. खोट्या गोळीच्या गटात एकीचाही नाही. सुरुवातीचे ते 38 वर्षभरात पार विरघळले.

थांबल्यावरही तक्ता दोन पाळ्या चालू ठेवायचा. पहिल्याच पाळीआधी थोडं दुखलं म्हणून लगेच पुन्हा गोळी धरू नये. आकडा 4 च्या वर आणि सात दिवस, असं सलग दोनदा झालं तरच तेच औषध, त्याच मात्रेत, पुन्हा तीन महिने. एकदा लागू पडलेलं औषध बहुधा पुन्हाही लागू पडतं. दुसऱ्या खेपेलाही उतरलं नाही तर औषध बदलण्याआधी त्या बाईला परत एकदा कुशीवर झोपवून बरगड्या दाबून बघाव्यात.